कमी वजनाचं बाळ कसं वाढवायचं, म्हणजे पुढं चाळिशीतल्या शुगरचा धोका कमी होईल

घरात बाळ हडकुळं असलं की आपल्या कोल्हापुरात प्रत्येकजण एकच सल्ला देतो, खायला घाला, दूध-तूप घाला, आणि वर्षभरात पोरगं गुटगुटीत दिसायला लागलं की सगळे निर्धास्त होतात. खायला घाला हे बरोबरच आहे, पण कधी घालायचं, काय घालायचं आणि कुठल्या वयानंतर हात आवरायचा हे कोणी सांगत नाही, आणि सगळा फरक तिथंच पडतो. पोटात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत ज्याची आबाळ झाली त्याला मोठेपणी शुगर, बीपी, हार्टचा धोका जास्त असतो, आणि त्यातही लहानपणी वाळलेला राहून नंतर भराभर अंगानं सुटलेला असेल तर अजून जास्त. कुपोषण म्हणजे फक्त मेळघाटातली गोष्ट असं समजू नका, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के वयाच्या मानानं बुटकी आणि २५ टक्क्यांवर उंचीच्या मानानं वाळलेली निघाली होती. हे लिहायचं कारण तेच. गरोदर बाई, मांडीवरचं बाळ, शाळेत जाणारं पोरगं आणि स्वतः कमी वजनाचे जन्मलेले मोठे, सगळ्यांच्या कामाचं काही ना काही यात आहे, आपल्याला लागेल तेवढं उचला.

हे होतं कसं ते आधी

पोटात बाळाला अन्न कमी पडलं की त्याचं शरीर आहे त्यात भागवतं. मेंदूला आधी पुरवतं आणि काटछाट करतं ती स्नायूंची, स्वादुपिंडाची, किडनीची. स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी कमी राहतात, किडनीतल्या गाळण्या कमी राहतात, आणि दिवस भरलेल्या बाळात या गाळण्या जन्मानंतर नव्यानं तयारच होत नाहीत, जेवढ्या आल्या तेवढ्यावर आयुष्य काढायचं. जेवल्यावर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच उचलतात, मग स्नायूच कमी असले तर ती साखर जाणार कुठं. खाणं बेताचं आणि कष्ट भरपूर असेपर्यंत असं शरीर निभावून नेतं, पण नंतर नोकरी बसून, गाडी दारात, संध्याकाळी वडापाव आणि रविवारी ताटं भरून जेवण असं सुरू झालं की त्याला झेपत नाही.

इंग्लंडातल्या साउथॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर भागातल्या सुइणींच्या जुन्या नोंदवह्या शोधून काढल्या, १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या पुरुषांची जन्माची आणि वर्षाची वजनं त्यात लिहिलेली होती, आणि त्यांनी १९८९ साली दाखवून दिलं की पहिल्या वर्षाअखेर ज्यांचं वजन कमी होतं ते हार्टच्या आजारानं जास्त गेले. पण आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं काम पुण्यात झालं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं बघितली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडची साडेतीन किलोच्या. मग वाटेल की आपली बाळं नुसती बारीक. तर तसं नाही, स्नायू कमी होते पण चरबी मात्र राखून ठेवलेली होती, विशेषतः पाठीवरची. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबीवालं, असं आपलं बाळ जन्मालाच येतं. याच याज्ञिकांचा आणि लंडनच्या प्रा. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हा फोटो लावला पाहिजे, कारण बारीक माणसाला शुगर कशी काय झाली हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच.

म्हणून पुढं जे जे सांगतेय त्याचा धागा एकच धरा, बाळाची उंची आणि स्नायू वाढले पाहिजेत, नुसती चरबी नाही, आणि त्याची खरी वेळ पोटात असल्यापासून दोन वर्षांपर्यंत.

गरोदरपण

हजार दिवस म्हणतात ते हेच, पोटातले २७० आणि दोन वर्षांचे ७३०. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भयंकर उपासमार झाली, त्या काळात जी बाळं पोटात होती त्यांची पन्नास वर्षांनी तपासणी केली तर त्यांच्यात साखर न पचण्याचं प्रमाण जास्त सापडलं. काही महिन्यांची उपासमार, आणि तिची खूण पन्नास वर्षांनी.

आपल्याकडं तेवढी उपासमार नाही पण गरोदर बाईनं बेतानंच खावं, नाहीतर बाळ मोठं होऊन डिलिव्हरी अवघड जाईल असं सांगणाऱ्या सासवा-काकवा अजून आहेत, आणि सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाणाऱ्या सुना तर शहरातही आहेत. आजी, काकी, तुम्ही हे वाचत असाल तर एवढं ऐका, सातव्या महिन्यातल्या सुनेला पहिल्या पंगतीत बसवा. दोघांचं खा म्हणजे दुप्पट खा असं नाही, रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण एक जास्तीची ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट उसळ आणि वाटीभर दही. आधी वजन ठीकठाक असेल तर नऊ महिन्यांत १० ते १२ किलो वाढायला पाहिजे. लोहाची गोळी १८० दिवस, चहाबरोबर नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको, दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा नाहीतर लोह अंगी लागत नाही.

बी-१२ कडं वेगळं लक्ष द्या. पुण्याच्याच अभ्यासात असं दिसलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट म्हणजे फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट काम न करण्याची लक्षणं जास्त होती. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी बंद करायची असं अजिबात नाही, ती हवीच, पण शाकाहारी बाई असेल तर दूध, दही, ताक रोज पाहिजे, अंडं चालत असेल तर उत्तमच, आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल आपणहून विचारा. शुगरची टेस्ट पण टाळू नका, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा त्याच्यावर आलं तर गरोदरपणातली शुगर. पोटात उपाशी राहिलेलं बाळ आणि पोटात जास्त साखरेत वाढलेलं बाळ, दोघांनाही पुढं धोका आहे.

पहिले सहा महिने

इथं जास्त सांगण्यासारखं नाही कारण करायचं एकच आहे. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या, पहिलं चिकाचं दूध पिळून टाकू नका, आणि सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी नाही, बाळगुटी नाही, मध नाही. मध तर वर्ष होईपर्यंत अजिबात नको, त्यातल्या जंतूंनी लहान बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर आईच्या छातीवर उघडं, कातडीला कातडी लावून ठेवायचं, बाबांनी ठेवलं तरी चालतं, आजीनं ठेवलं तरी चालतं. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून यायला पाहिजे, मग पहिले तीन महिने रोज २५-३० ग्रॅम, साधारण पाचव्या महिन्याला जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट.

उष्टावणानंतर, आणि इथंच सगळ्यात जास्त गाडी घसरते

सहा महिने पूर्ण झाले की मामाच्या हातून उष्टावण होतं, फोटो होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला मिळतं काय तर डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. बाळाच्या पोटाचं माप बघा, किलोला ३० मिली धरतात, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे मिलीच्या आसपास बसतं. ते जर पाण्यानंच भरलं तर पोट भरल्यासारखं होतं, बाळ रडायचं थांबतं, घरातल्यांना बरं वाटतं आणि अंगी काही लागत नाही. ओळखायचं सोपं आहे, चमचा तिरका केल्यावर जे लगेच ओघळून पडतं ते पातळ, चमच्यावर टिकतं ते बरोबर.

किती द्यायचं ते सांगते. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन मोठ्या चमच्यांनी सुरू करून हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी, तीन-चार वेळा, मधे एखादं खाऊ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, तीन-चार वेळा आणि वर एक-दोन खाऊ. वाटी म्हणजे २५० मिलीची, आमटीची छोटी नव्हे. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढंही चालू, हे सगळं त्याच्या जोडीला.

काय द्यायचं तर बाजारातली महागडी पावडर आणायची काही गरज नाही. तीन भाग तांदूळ, एक भाग मूगडाळ, धुवून सुकवून खमंग भाजून भरड काढून डब्यात ठेवा, लागेल तसं खिमट शिजवा, शिजल्यावर चमचाभर तूप किंवा तेल आणि चमचाभर शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट घाला, अख्खा शेंगदाणा देऊ नका, घशात अडकतो. नाचणी आपल्याकडं चंदगड, आजरा, राधानगरीकडची चांगली मिळते. ती नुसती दळून आणू नका, रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, हलकी भाजा आणि मग दळा. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारा घटक तयार होतो, त्यामुळं खीर कमी चिकट होते आणि तेवढ्याच वाटीत पीठ जास्त बसतं, म्हणजे दोनशे मिलीच्या पोटात जास्त अन्न गेलं. आपल्या आज्या सत्व करायच्या त्याचा हा फायदा आहे, तो सोडू नका.

अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, नीट शिजवलेलं, थोड्यापासून सुरू करा. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास चांगलं प्रोटीन असतं, एवढ्या पैशात दुसरं काही सापडत नाही. मटणाच्या बाबतीत आपल्या गावात एक मोठा गैरसमज आहे, पांढरा रस्सा पाजला की बाळाला ताकद येते. रश्श्यात प्रोटीन आणि लोह थोडंच उतरतं, बाकी मीठ, मसाला आणि तूप. बाळाला द्यायचं तर तिखट-मीठ घालायच्या आधी बाजूला काढून मऊ शिजवलेला खिमा किंवा कलेजीचा बारीक तुकडा कुस्करून द्या, लोह त्यात आहे. आमटीचंही तसंच, कांदा-लसूण चटणी पडायच्या आधी बाळाची वाटी बाजूला काढायची सवय लावा, वेगळा स्वयंपाक करायला लागत नाही. खात नसाल तर मसूर, मूग, हरभरा, चवळी, सगळी कडधान्यं मोड आणून शिजवून कुस्करून, वर लिंबू पिळून, त्यानं लोह जास्त शोषलं जातं.

दूध. आपण दुधाच्या जिल्ह्यात राहतो, त्यामुळं घरोघरी समजूत अशी की दूध पितंय ना मग झालं. वर्षाच्या आत गाय-म्हशीचं दूध मुख्य अन्न म्हणून नको, वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, कारण दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि दुधानं पोट भरलेलं पोरगं भाकरी-भाजीला तोंड लावत नाही, मग गुबगुबीत दिसतं आणि हिमोग्लोबिन आठ. आणि कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठी माणसं पितात ते पिऊ देत, लहान मुलाला न उकळलेलं दूध देऊ नका.

आता साखर. वर्षाच्या आत मीठ-साखर वरून घालायचीच नाही, आणि दोन वर्षांपर्यंत जितकी टाळता येईल तितकी टाळा. आपला गूळ आपल्याला प्रिय आहे, गुऱ्हाळावरच्या ताज्या गुळाची चव दुसरीकडं नाही हे मलाही मान्य, पण बाळाच्या शरीराला तो साखरच आहे. ब्रिटनमध्ये युद्धानंतर सप्टेंबर १९५३ पर्यंत साखर रेशनवर होती. त्या काळात पोटात आणि पहिल्या एक-दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली त्यांची तुलना रेशन उठल्यानंतरच्यांशी केली, २०२४ साली हा अभ्यास सायन्स या नियतकालिकात आला, तर कमी साखरवाल्यांना टाइप २ डायबेटिस होण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि बीपीचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला. चहा-बिस्किटात तर दुहेरी नुकसान, साखर आहेच वर चहा लोह शोषू देत नाही.

भरवताना मोबाईल समोर धरू नका. तोंड फिरवलं की थांबा, परत विचारा, जबरदस्तीनं कोंबू नका. भूक लागलीय की पोट भरलंय हे बाळाला कळतं, ते त्याचं कळणं मोडू नका, पुढं जास्त खाण्याची सवय इथूनच लागते. आजारपणात खाणं बंद करू नका, जुलाब झाले की ओआरएस आणि १४ दिवस झिंक (डोस डॉक्टर किंवा आशाताई सांगतील), आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, गेलेलं वजन भरून काढायची वेळ तीच.

वजन-उंची कशी बघायची

दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा, खाजगी डॉक्टरकडं जात असलात तरी. कपडे कमीत कमी, काटा शून्यावर आहे का बघून. दोन वर्षांखाली लांबी झोपवून मोजतात, नंतर उभं करून. माता-बाल संरक्षण कार्डावर मुलीसाठी गुलाबी आणि मुलासाठी निळा तक्ता असतो, त्यावर ठिपका मारून घ्या आणि ठिपके जोडून रेघ बघा. शेजारणीच्या बाळाशी तुलना करू नका, रेघ बघा. खालच्या पट्ट्यात असूनही रेघ वर चढत असेल तर बाळ चाललंय, आणि हिरव्या पट्ट्यात असूनही दोन महिने सपाट असेल तर ती धोक्याची सूचना आहे, थांबू नका. वजनाबरोबर लांबी लिहून घ्यायचा आग्रह धरा, बऱ्याच कार्डांवर नुसती वजनंच असतात आणि मग बाळ वाढतंय का नुसतं जाड होतंय हे कळतच नाही. कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ असेल तर वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून धरायचं, जन्माच्या दिवसापासून नाही, डॉक्टर समजावून सांगतील.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर टेपनं मोजतात. साडेबारा सेंटीमीटर आणि त्याच्यावर ठीक, साडेअकरा ते साडेबारा मध्यम कुपोषित म्हणजे मॅम, साडेअकराच्या खाली अतितीव्र म्हणजे सॅम. दोन्ही पायांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून खड्डा राहतोय का तेही बघा, राहत असेल तर ती सूज आहे आणि वजन फसवं आहे, त्याच दिवशी दवाखाना.

सॅम निघालं तर घरच्या घरी तूप-बदाम-केळी एकदम सुरू करू नका, हे मी कळकळीनं सांगतेय. फार वाळलेल्या बाळाला एकदम जास्त अन्न दिलं तर रक्तातले क्षार बिघडून जिवावर बेतू शकतं. म्हणून सेविकाताई आधी भूक तपासायला लावतात, ठीक असेल तर ग्राम बाल विकास केंद्रात म्हणजे व्हीसीडीसीत ठराविक आहार, आणि सूज, सुस्ती, न खाणं, ताप किंवा अंग गार पडणं यातलं काही असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. काही घरांना भरती म्हणजे बदनामी वाटते, आई एकटीच दवाखान्यात राहायची तर घरचं कोण बघणार हाही खराच प्रश्न आहे, तर आजोबा, काका, आत्या यांनी घर सांभाळायचं. दुसरा उपाय नाही.

अंगणवाडीचा टीएचआर म्हणजे घरी न्यायचा पूरक आहार तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला मिळतो, दिवसाला ठराविक कॅलरी आणि प्रोटीन धरून तो ठरवलेला असतो. तो त्या बाळाच्या वाट्याचा आहे, घरभर वाटून संपवू नका, चव आवडली नाही म्हणून जनावरांच्या पुढं टाकू नका. हैदराबादजवळच्या गावांमध्ये १९८७ ते १९९० या काळात गरोदर आया आणि लहान मुलांना अंगणवाडीतला पूरक आहार मिळाला होता, ती पोरं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर तपासली तर आहार न मिळालेल्या गावांतल्या पोरांपेक्षा सरासरी १४ मिलिमीटर उंच होती, इन्शुलिन जास्त चांगलं काम करत होतं आणि रक्तवाहिन्या कमी ताठर होत्या. अंगणवाडीतल्या साध्या आहाराचा एवढा परिणाम आहे, हे सेविकाताईंनाही कोणी सांगितलेलं नसतं.

ऊसतोडीला आलेली बाळं

कारखाने पेटले की शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीरच्या फडात बीडकडची कुटुंबं येतात, खोपी पडतात, आणि त्या खोपीत दोन वर्षांखालची बाळं असतात. आई पहाटे अंधारात तोडीला जाते, बाळाला सांभाळायला सहा-सात वर्षांची बहीण, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च म्हणजे हजार दिवसांतले दीडशे दिवस असे जातात. आपण ऊस लावणारी माणसं आहोत, आपल्या फडावर आलेल्या बाळाचं हे आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं. फार काही करायला लागत नाही. टोळी आली की मुकादमाला विचारून गरोदर बायका आणि सहा वर्षांखालची मुलं किती ते जवळच्या अंगणवाडीत कळवा, स्थलांतरित मुलांची नोंद अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर इथं घेता येते, त्यांचं रेशनही वन नेशन वन रेशन कार्डमुळं इथल्या दुकानात मिळू शकतं. सेविकेला खोपीपर्यंत नेऊन सोडा, दंडाची टेप दोन मिनिटात होते. आणि आईला दिवसातून दोनदा बाळाला पाजायला फडातून सोडावं हे मालकानं मुकादमाला स्पष्ट सांगितलं तर तो ऐकतो.

दोन वर्षांनंतर हात आवरायचा

आता उलटी बाजू. दोन ते सहा वर्षांत मूल उंच होतं आणि बारीक दिसायला लागतं, हे नैसर्गिक आहे, बीएमआय साधारण पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात कमी असतो. वर्षाला दोन किलो आणि सहा-सात सेंटीमीटर वाढतंय म्हणजे छान चाललंय. पण इथंच आजी घाबरते, पोरगं वाळलं म्हणते आणि मग साखरेच्या पावडरी, टॉनिक, रोज फरसाण-बिस्कीट सुरू. दिल्लीत १९६९ पासून जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला होता, २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यातल्या १४९२ जणांची शुगर तपासली. ज्यांना डायबेटिस किंवा त्याच्या अलीकडची अवस्था होती ती दोन वर्षांपर्यंत बारीक होती आणि नंतर बारा वर्षांपर्यंत त्यांचा बीएमआय इतरांच्या तुलनेत चढत गेला होता. लक्षात घ्या, बारा वर्षांची असताना ती लठ्ठ नव्हती, अगदी साधी दिसणारी मुलं होती.

म्हणून जन्माला कमी वजनाचं असलेलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की सहा महिन्यांनी एकदा वजन आणि उंची दोन्ही लिहा, शाळेच्या तपासणीत मिळतातच. उंचीची रेघ तिथंच आणि वजनाची वर उडी मारतेय असं दिसलं तर उपास घालायचा नाही, गोड, तळलेलं, पाकिटातलं कमी करायचं आणि अंडी, उसळ, दही, भाकरी, भाजी तशीच ठेवायची. आणि खेळायला सोडायचं. पाच वर्षांखाली दिवसाला तीन तास हालचाल, स्क्रीन दोन वर्षांखाली अजिबात नको आणि नंतर तासाच्या आत. हे तालमींचं आणि फुटबॉलचं गाव आहे, पोरांना मैदान बघायला नेऊ नका, खेळायला न्या, मुलींनाही. स्नायू तयार होतात ते असेच.

स्वतः कमी वजनाचे जन्मलेले असाल तर

धोका जास्त म्हणजे आजार ठरलेला असं नव्हे, पण तपासणी लवकर सुरू करायची. आई हयात असेल तर विचारून ठेवा, किती किलोचा होतो, कमी दिवसांचा होतो का, दुष्काळात होतो का. डॉक्टरांकडं गेल्यावर ही माहिती आपणहून सांगा. काट्यावर विश्वास ठेवू नका, पोट मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. पुरुषाचं ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचं ८० च्या वर म्हणजे जास्त. बीएमआय आपल्यासाठी २३ च्या आत पाहिजे, २५ हा गोऱ्या लोकांचा आकडा. तिशीपासून वर्षाला एकदा उपाशीपोटीची शुगर, १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ सावध, १२६ आणि वर डायबेटिस, तोही परत तपासून पक्का करायचा. बीपी त्याच दिवशी. आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरच्यांची ही तपासणी फुकट होते.

रंकाळ्याला चकरा मारणं चांगलंच आहे, आठवड्याला १५० मिनिटं भराभर चाला, पण आपल्यासारख्यांना स्नायूंचा व्यायाम जास्त लागतो, आठवड्यातून दोनदा तरी बैठका, जोर, वजन उचलणं, बायकांनीसुद्धा. ताटात भात कमी आणि उसळ-डाळ-अंडं जास्त. आणि एक, हडकुळा तरुण, घरची गरिबी, लहानपणी कुपोषित आणि शुगर खूप वाढलेली असं कोणी ओळखीत असेल तर त्याला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं म्हणजे हार्मोन आणि शुगरच्या तज्ज्ञ डॉक्टरकडं पाठवा, लहानपणच्या कुपोषणातून होणाऱ्या डायबेटिसला २०२५ साली आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशननं टाइप ५ म्हणून मान्यता दिलीय, त्याची ट्रीटमेंट टाइप १ किंवा टाइप २ सारखी डोळे झाकून करून चालत नाही.

राहिल्या घरातल्या मुली. त्यांच्या पोटचं बाळ कसं जन्मेल याची तयारी बारा-चौदाव्या वर्षीच सुरू होते, म्हणून भावाला अंडं आणि तिला चहा-चपाती हे बंद करा. हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे, शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तिनं खरंच खाल्ली का ते विचारा, दप्तरात तशीच पडलेली असते. जेवण झाल्यावर घ्यायची, उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून मुली टाळतात, आणि शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरून बंद करू नका, लोहानं तो होतोच.